मागच्या टाकीवरची लाख

तुपाची बरणी शेजारी ठेवून सिंधुबाई पिकअपमधल्या कापसाच्या गोण्यांवर बसल्या होत्या. सारंगखेड्याच्या रस्त्यावर ती लष्करी लिलावातली पेट्रोलच्या दोन टाक्यांची पिकअप पुन्हा बंद पडली होती आणि खाली मालक चुनीलाल पाटील ड्रायव्हर हिलालच्या मागे हात धुऊन लागले होते.

"पेट्रोलना कॉक मांगली टाकीवर फिरावा का?"

"फिरावा ना, पाटील. पुढलीवर गाडी पळस. मांगलीवर आली का थोडी चालस, मंग मरी जास."

"म्हंजे मांगलीनं पेट्रोल तूच चोरीसन इकी टाकं!"

"कसं इकसू? झाकनवर तुम्हीच लाख वती शिक्का मारेल शे. पहा, जशाना तसा शे."

"मंग पेट्रोल काबर येत नही?"

"झाकनले हवानं भोक ऱ्हास. ते तुम्हना लाखखाले बुजायेल शे. हवा आत गयी नही तं पेट्रोल भाईर कसं येई? फोडू लाख?"

"मन्हा डोयासमोर फोड."

लाख फुटली. टाकीने सूं करून हवा ओढली. हँडल मारताच इंजिन धडधडू लागलं.

"चालू व्हयनी, पाटील!"

"व्हयनी ना. पन लाखखाले भोक शे, हाई तुले कसं मालूम? म्हंजे पहिले बी तू ते झाकन उघाडेल शे!"

पाटलांची संशयी नजर वर वळायच्या आत सिंधुबाईंनी आपली तुपाची बरणी हळूच उचलून मांडीवर घेतली.