शेजारच्या घरात काय नाही?

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दिलीपभाऊंच्या शेजारी राहून कोणाला बोलायची पाळी येणार? आज ते फोटोत गप्प बसलेत, म्हणून उभा राहिलो.

भाऊ आपल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. पांझरेला पूर आला, घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा धुळ्याहून मदतीच्या गाड्या निघणार होत्या. कोणत्या गावाला काय हवं, ते मोबाइलवर नोंदवायचं होतं. भाऊंनी त्यासाठी एक सॉफ्टवेअर शोधलं. म्हणाले, "आप्पा, हे फुकट आहे आणि उघडं आहे. कोणीही आत शिरून बदल करावा."

मी विचारलं, "उघडं? मग चोरीला जात नाही का?"

"चोरणार कशाला? मागितलं की देतात."

आम्ही घरोघर फिरलो. मोबाइलवर प्रश्न होता, तुम्हाला काय हवं? पारूअक्का चिखलात उभ्या. म्हणाल्या, "काही नको रे भाऊ. बठ्ठं शे. बस, चहा ले." चूल पाण्यात, आणि म्हणे सगळं आहे, चहा ले! पुढचं घर, काही नको. त्याच्या पुढचं, काही नको. माझ्या घरी मीही तेच सांगितलं. भाऊ चिडले. "आप्पा, या नोंदी अशाच गेल्या तर गाड्या सरळ पुढच्या गावाला जातील. लेकरं काय खातील? आपला ताठा?"

मग शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी प्रश्नच बदलला. शेजारच्या घरात काय नाही?

काय सांगू मंडळी! गावाला कंठ फुटला. पारूअक्का म्हणाल्या, "तिना घरमा पीठ नही. गोधड्या वल्ल्या शेतस. ती सांगस नही, पन माले ठाऊक शे." शेजारणीनेही अक्कांचं तेवढंच सविस्तर सांगितलं. काहींनी तर शेजारी अक्कल नाही, असंही नोंदवलं. भाऊंनी ते 'इतर' मध्ये टाकलं. धुळ्याहून फोन आला, "सर, अक्कल आमच्याकडेही शिल्लक नाही. बाकीचं पाठवतो."

आणि गाड्या आल्या. आपल्या गावात थांबल्या.

तो बदल भाऊंनी सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे कुठल्याशा लांबच्या देशातून निरोप आला, तुमचा प्रश्न आमच्याकडेही चालला. भाऊ म्हणाले, "बघा आप्पा, भिंतीला कान तिकडेही आहेत."

काल मी भाऊंच्या घरी जाऊन सुमनवहिनींना विचारलं, काय हवं? त्या म्हणाल्या, "काही नको. तुम्ही चहा घ्या."

वहिनी, रागावू नका, पद्धत भाऊंचीच आहे. मी शेजारी आहे, मला ठाऊक आहे. त्यांच्या घरी गिरणीतून दळण आणायला कोणी नाही. दवाखान्यात सोबतीला कोणी नाही. टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायला कोणी नाही. दळण आणि दवाखाना आपण वाटून घेऊ. तिसरं 'इतर' मध्ये राहू द्या.

आणि माझ्या घरी काय नाही, ते मला विचारू नका. मी काही नको म्हणेन. वहिनींना विचारा.

आता भाऊंसाठी थोडा वेळ गप्प उभे राहू या. तेवढं मला जमतं.