पूजेचं ताट

लढाईचे दिवस होते. कोपरगावात रॉकेलच्या रांगेत अंबिकाबाईंच्या पुढं राहीबाई आणि तिची शेजारीण छबूबाई उभ्या होत्या. ऐकायचं नाही म्हटलं, तरी कानांना काही झाकण नसतं.

"सून कशी हाय, राहीबाई?"

"बाळंत झाल्यापासनं निस्ती भिताडाकडं बघत बसती. म्हनती, माझ्याबिगर पोराचं बरं हुईल."

"लाड झाले जास्ती."

"व्हय तर. आमी बांधावर बाळंत झालो अन् घरी येऊन भाकरी थापल्या."

"आज सव्वा महिना ना? विहीर पुजायची असंल."

"तेच की. आज शान्यावानी उठली. पोराला न्हाऊ घातलं, पाजलं, नणंदेच्या मांडीवर दिलं. माझ्या पाया पडली अन् मी इकडं निघाले तवाच विहिरीकडं गेली."

"संगं कोन?"

"एकलीच. नको म्हनली कुनी."

"सुधारली म्हना."

"कशाची सुधारती? हळदकुंकवाचं ताट चुलीपाशीच इसरून गेली, येंधळी."

अंबिकाबाईंनी डबा खाली ठेवला आणि राहीबाईचं मनगट धरलं.

"अवो बाई, माझा नंबर आलाय."

"राहू द्या नंबर. विहीर कुठल्या अंगाला आहे, ते चालता चालता सांगा."