दादाचं फिरतं घर

आमच्या दादाने फिरतं घर केलं होतं, ते सांगितलं का तुम्हाला? उभं आयुष्य जहाजावर काढलं, आणि निवृत्त झाल्यावर वहिनीला फिरवायला ट्रेलर करून घेतला. आत पलंग, शेगडी, सगळं. त्याचं पुढचं टोक पिकअपच्या हौद्यात जोडायचं, पण हौदा होता आखूड.

वहिनी म्हणाली, "अहो, आधी मैदानात वळवून बघा. वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागेलसं वाटतंय."

दादा हसला. "अगो, मी जहाजं वळवलीत!"

घरून, मांडवीहून, हातखंब्याच्या फाट्यापर्यंत दोघं झकास गेले. तिथे गोव्याकडे वळताना त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि ट्रेलरचा कोपरा मागची काच फोडून केबिनमध्ये घुसला. वहिनीच्या केसांत काचाच काचा. लागलं नाही कुठे, पण ती रिक्षा करून सरळ घरी आली.

दादाने मग वळताना ट्रेलरला मागे सरकवणारा जोड बसवला. रोज मैदानात वळवून बघायचा. कोपरा कुठेच लागेना.

परवा दारात उभा राहून म्हणाला, "चल गो, आता नाही काही होणार."

वहिनी कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मला वाट बघायची सवय आहे."