पाठमोरी

नदीकाठी बस बंद पडली. नर्सबाईंना छान डुलकी लागली होती, पण मागच्या सीटवरच्या दोघी बहिणी गप्प बसतील तर ना!

"ताई, ती कासवी बघ! वाळूत अंडी घालतेय."

"हं."

"मागच्या पायांनी खड्डा करायचा, त्याच पायांनी बुजवायचा. अंड्यांकडे एकदाही वळून बघत नाही. अगदी तुझ्यासारखी!"

"कळला हो टोमणा."

"मग काय? लेकीला हॉस्टेलवर सोडलंस आणि तरातरा निघालीस."

"बघ ना, वाळू कशी चाचपून चाचपून लोटतेय."

नर्सबाईंनीही खिडकीतून मान बाहेर काढली. तेवढ्यात बस सुरू झाली.

"ऐक ना गं."

"काय?"

"तू वळून बघितलं होतंस ना? स्वेटर घातला होता का तिनं?"