फ्रिजातला पंखा

"सून गुणाची हाय, पण मुकी. आल्यापासून नुसतं फ्रिजचं दार उघडून बघत बसती," आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला सांगत होत्या. मी दाराआडच होते.

फ्रिज मुरुडच्या आमच्या डेअरीतला. वरचं दूध गोठायचं, खालचं दही आंबायचं. मेकॅनिकनं हात टेकले होते, अन् दुसऱ्याच दिवशी बारशाच्या दह्याची ऑर्डर. "आंबलं तर गावात काय तोंड दाखवू?" एवढंच सासरे म्हणत होते.

आता बघा, प्रत्येक जाळीवर आत्यांनी हौसेनं फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेलं. गारवा खाली उतरणार कुठून? मी प्लास्टिक काढलं, जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा मोबाइलच्या चार्जरला जोडला आणि आत ठेवला.

आत्या हसल्या. "फ्रिजात पंखा! दह्याला उकडून राह्यलं का गं?"

सकाळी खालचं दही गारेगार, सुरीनं कापावं असं घट्ट. सासऱ्यांनी पहिली वाटी माझ्या हातात दिली. शेजारीणही बघायला आली होती. तिच्यासमोरच मी तोंड उघडलं,

"हाव आत्या, उकडतच होतं त्याला. पण ते बी माझ्यासारखंच, मुकं."