'गुऱ्हाळावरची पारू'ची पेटी उचगावला गेली त्याबाबत

दि. १५/११/२०२५

वीरभद्र शिवलिंग हुक्केरी, वय ४९ वर्षे, शिक्षण दहावी, व्यवसाय सुप्रभात चित्रमंदिर, कोल्हापूर येथे ऑपरेटर, मूळ राहणार तालुका शिरोळ, सध्या राहणार उचगाव, तालुका करवीर.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर आहे. काल घडलेल्या प्रकाराबद्दल मला विचारण्यात आले, त्यावरून खालीलप्रमाणे सांगतो.

वरील चित्रमंदिरात मी सत्तावीस वर्षे सिनेमा दाखवण्याचे काम करतो. पूर्वी सिनेमाची रिळे पत्र्याच्या पेटीतून एस.टी.ने येत. आता बहुतेक कंपन्या इंटरनेटच्या तारेवाटे पाठवतात, काही हार्ड डिस्क पाठवतात. मुंबईची एक कंपनी जुने मराठी सिनेमे धुऊनपुसून पुन्हा लावते आणि जो चालेल तो नवे नट घेऊन नव्याने काढते. त्यांचा 'गुऱ्हाळावरची पारू' हा सिनेमा आमच्याकडे काल शुक्रवार दि. १४ रोजी दुपारी बारा वाजता लागणार होता. हा सिनेमा सन १९७९ साली उचगावच्या शिवारात काढलेला आहे. त्याची एकही चालणारी प्रत शिल्लक नव्हती. कंपनीला मुंबईत निगेटिव्ह सापडली, म्हणून तो पुन्हा लागला.

डिस्क गुरुवारी पिवळ्या प्लॅस्टिकच्या पेटीतून आली. शुक्रवारी घरी पूजा करून मी साडेसहाला केबिनमध्ये गेलो व सिनेमा मशीनमध्ये उतरवून घेतला. नंतर डिस्क परत पेटीत ठेवली.

सकाळी आठ वाजता उचगावचे गुळाचे व्यापारी शांतिनाथ मगदूम हे ट्रॅक्टर, हलगीवाले व सुमारे चाळीस लोक घेऊन आले. आमच्या भागात रीत अशी होती की, गावाचा म्हणावा असा सिनेमा आला की पेटी आधी ग्रामदैवतापुढे न्यायची, नारळ फोडायचा व मिरवणुकीने टॉकीजवर आणायची. ती रीत रिळांबरोबर बंद पडली.

शांतिनाथ म्हणाले, "हुक्केरी, पेटी द्या."

मी म्हणालो, "आता पेटी नसतीया. हे असलं डबडं असतंय."

"डबडं तर डबडं. द्या की."

मी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोऱ्याने बांधली, पेटीत ठेवली व दिली. कंपनीला विचारले नाही. ही चूक माझी एकट्याची आहे. सिनेमा मशीनमध्ये आधीच उतरलेला आहे हेही मी गावाला सांगितले नाही. पालखी गावात फिरते तेव्हा गाभारा रिकामा होत नाही, असे मी समजतो.

कंपनीचे प्रतिनिधी आदर्श, वय अंदाजे २६, हे सव्वादहाला मुंबईहून आले. त्यांनी पेटी मागितली. मी खरे ते सांगितले.

ते म्हणाले, "काका, चेष्टा करू नका. डिस्क कुठे आहे?"

"ट्रॅक्टरवर."

त्यांनी शांतिनाथ यांना माझ्या फोनवरून फोन लावला. पलीकडून फक्त हलगी ऐकू आली. त्यानंतर त्यांनी डिस्क चोरीला गेल्याची तक्रार पोलिसांना फोनवर दिली व डिस्क हातात येईपर्यंत खेळ होणार नाही असे सांगितले. नकली प्रत निघाली तर त्यांची नोकरी जाईल, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे रास्त होते.

अकरा वाजता तानाबाई चौगुले, वय ६८, राहणार उचगाव, या त्यांची नात प्रियदर्शनी हिच्याबरोबर आल्या. तानाबाई शेतमजुरीला जात. शूटिंगच्या वेळी त्या बावीस वर्षांच्या होत्या. डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई हवी होती, म्हणून त्यांना बांधावरून बोलावले होते. सिनेमा लागला तेव्हा त्या बाळंतपणाला माहेरी गारगोटीला होत्या. सव्वा महिन्याने परत आल्या तेव्हा सिनेमा उतरला होता. त्यामुळे त्यांनी तो कालपर्यंत पाहिलेला नव्हता. घरातही कोणी पाहिलेला नव्हता, व आजी सिनेमात आहे यावर घरात कोणाचा विश्वास नव्हता. तानाबाई नवे लुगडे नेसून आल्या होत्या. खेळ होणार नाही हे त्यांना मी सांगितले. त्या बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिल्या.

पोलिसांची गाडी उचगावला गेली. गाडी पाहून लोकांना बंदोबस्त आला असे वाटले. त्यांनी गाडीला पुढे वाट करून दिली व मागे हलगी चालू ठेवली. अशा रीतीने बारा वाजून वीस मिनिटांनी पोलिसांची गाडी पुढे व मिरवणूक मागे अशी सर्व मंडळी टॉकीजवर आली. पेटीवर हळदकुंकू, गुलाल व झेंडूचा हार होता.

आदर्श म्हणाले, "ही चोरी आहे."

शांतिनाथ म्हणाले, "अवो पावणं, चोरी कुनी हलगी लावून करतंय व्हय?"

"ही कंपनीची मालमत्ता आहे."

"मालमत्ता कंपनीची, पारू आमची."

आदर्श यांनी पेटी उघडली. डिस्कवर गुलालाचा कणही नव्हता. ती त्यांनी लॅपटॉपला जोडून तपासली, ठीक होती. तरी डिस्क ताब्यातून गेल्यास मुंबईला कळवायचे व मुंबई सांगेल तसे करायचे, असा नियम असल्याचे त्यांनी सांगितले. मुंबईने खेळ रद्द करायला सांगितले असते, हे आम्हा सर्वांना समजले. हलगी थांबली.

आदर्श यांचे लक्ष खुर्चीकडे गेले. त्यांनी विचारले, "आजी, तुम्ही कधीपासून बसलाय?"

उत्तर प्रियदर्शनीने दिले. "अकरापासनं. आज्जी सिनेमात हाय म्हणती. खरं का खोटं बघाय आलोय."

तानाबाई म्हणाल्या, "खोटं असंल तर मी चालत घरला जातो. तू जा रिक्षानं."

आदर्श यांनी मुंबईला फोन लावला. ते म्हणाले, "डिस्क माझ्यासमोर आहे. खेळ सुरू करतोय." इतकेच म्हणाले. डिस्क त्यांच्यासमोरच होती.

खेळ बारा पन्नासला सुरू झाला. तानाबाईंना बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, केबिनच्या खिडकीखाली बसवले होते. त्यांच्या एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला आदर्श होते. अडतिसाव्या मिनिटाला गुऱ्हाळ आले. उसाच्या रसाच्या काहिलीतून वाफ निघत होती. वाफेतून एक तरुण बाई डोक्यावर घागर घेऊन आली, पडद्यावर उजवीकडून डावीकडे चालत गेली. सर्व मिळून अकरा सेकंद.

प्रियदर्शनी ओरडली, "आज्जी! अगं आज्जीच हाय की!" खाली सर्व थिएटर उभे राहिले. शिट्ट्या झाल्या व 'वन्स मोअर' सुरू झाले. पूर्वी असा पुकारा झाला की मी रीळ हाताने मागे घेत असे. आता कंपनीच्या करारात खेळ मध्ये थांबवण्यास मनाई आहे. मी थांबवला नाही.

तेवढ्यात आदर्श पळत केबिनमध्ये आले. त्यांना दम लागला होता. ते म्हणाले, "काका, त्यांनी बघितलंच नाही. तोंडावर पदर घेतला. मागे घ्या."

मी मागे घेतले. दुसऱ्या वेळीही तानाबाईंनी लाजून तोंडावर पदर घेतला. आदर्श म्हणाले, "परत." मी परत घेतले. तिसऱ्या वेळी नातीने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले होते. तेव्हा त्यांनी पाहिले.

खेळ दोन वेळा थांबवून मागे घेतल्याचे मला कोणी विचारलेले नाही. अर्धे सांगून सही करणे मला पटत नाही, म्हणून सांगितले. आदर्श यांचे नाव त्यात घालू नये, अशी माझी विनंती होती. ते येथेच बाकावर बसले आहेत. त्यांनी घाला म्हणून सांगितले. चोरीची तक्रार मागे घेत असल्याचे त्यांनी वेगळे लिहून दिले आहे. गावातील कोणाचाही यात दोष नाही.

हा जबाब हवालदार संयोगिता मॅडम यांनी मला मराठीत वाचून दाखवला. वाचून झाल्यावर, तानाबाई पाहिल्यावर काय म्हणाल्या ते राहिले आहे, असे त्यांनी निदर्शनास आणले. ते येथे भरून देतो. तानाबाई नातीला म्हणाल्या, "घागर रिकामी हुती. बघ की, भरल्यागत कशी चाललोय मी!"

एवढी भर घातल्यावर मजकूर पुन्हा ऐकला. मी बोललो तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

सही
(वी. शि. हुक्केरी)