मेण काढलं कोणी?

बसा, मंडळी. पुष्कळ जमले तुम्ही. दुर्पताच्या शोकसभेत बोलाले उभी राहिली. रडू आलं म्हणून नाही. राग आला म्हणून.

मी सुमन. दुर्पताची शेजारीण, तिच्यासोबत चुलीवर मलम घोटणारी. चिचगडच्या बायांनो, रोवणीत चिखलात उभं राहून भेगाळलेल्या तुमच्या टाचा कोणाच्या मलमानं भरल्या? मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल, पाणी, चिमूटभर टाकणखार अन् जंगलातल्या पोळ्याचं मेण. बस, इतकंच.

शेठजी, तुम्ही समोरच बसले. मलम दूरदूर विकतो म्हणाले, तिनं हो म्हटलं. मेण पाहून तुम्ही विचारलं, "बाई, इतना मोम काऊन? सिर्फ गाढा करने के लिए?"

काय सांगतलं तिनं? आठवते ना? "शेठजी, तेल अन् पाणी आपल्या मनानं एका जागी राहत नाही. मेण त्यायले धरून ठेवते. उन्हात मलम पघळू देत नाही. चिखलात टाचेवरून निघू देत नाही. मेण काढाल तं मलम राहणार नाही."

तुम्ही काढलं. मशीनवर बनवलं, अन् डबीवर फोटो तिचा! उन्हाळा लागला. वर तेल, खाली पाणी. लोकं विचाराले आले तं तुम्ही म्हणाले, "बाईने ठीक से घोटा नहीं." मशीन तुमची, मग घोटणं तिचं कसं?

अन् गाववाल्यांनो, तुम्ही काऊन चूप होते? डब्या तिच्या अंगणात फेकल्या. तिनंच बऱ्या केलेल्या पायांनी चालत येऊन फेकल्या. लाज नाही वाटली?

तापात पडली तरी एकच बोलायची. "सुमन, लोकायले सांग वं. मेण मी नाही सोडलं."

ही डबी तिच्या हातची. पत्र्याखाली अख्खा उन्हाळा काढला हिनं. घ्या, हातोहात फिरवा. बोट लावून पाहा. फाटलं का मलम?

शेठजी, तिच्या फोटोवर सगळ्यात मोठा हार तुमचा आहे. दिसला आम्हाले. आता उठा, माईक घ्या अन् सांगा, मेण कोणी काढलं. तोवर मौन नाही. मौन तं तुम्ही सगळ्यांनी ती जिती होती तेव्हाच पाळलं.

दुर्पता, लोकायले सांगतलं वं मी. शेवटचा जोहार तुले.